दिग्गज गिटारवादकाची मैफल ऐकायला मुरुडहून निघताना

"मुंबईत अमुक बँड येतोय म्हणे, तिकीट काढावं का? मूळचा गिटारवादक त्यात असेल ना? आपल्याला पाठ असलेली जुनी गाणी वाजवतील ना? रात्री परत कसं यायचं? आणि कार्यक्रमच रद्द झाला तर पैसे मागायचे कुणाकडे?" मुरुड, लातूर, नांदेड भागातल्या वाचकांचे हे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांत कॅसेटच्या काळात ही गाणी ऐकत मोठी झालेली, आता पन्नाशीत असलेली पिढी आहे, आणि फोनवर तीच गाणी शोधून काढणारी त्यांची मुलंही आहेत.

१७ मे २०२५ रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर 'गन्स एन' रोझेस'चा कार्यक्रम झाला आणि स्लॅश या गिटारवादकाला मूळ बँडसोबत महाराष्ट्रात ऐकण्याची संधी मिळाली. असे योग वाढत आहेत, आणि गोंधळही वाढतो आहे. तिकिटाचा एक चुकीचा निर्णय मुंबईकराला काही हजारांना पडतो. तुम्हाला त्याशिवाय प्रवास, मुक्काम आणि दोन दिवसांची रजा सोसावी लागते. म्हणून आमचा सल्ला एकच आहे: आधी वाजवणार कोण याची खात्री करा, मग तिकीट काढा, आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. पुढचं सगळं याच क्रमानं दिलं आहे.

१. वाजवणार कोण, हे आधी पाहा

जाहिरातीत बँडचं नाव ठळक असतं, पण बँड तोच राहून माणसं बदललेली असू शकतात. महाराष्ट्रात आजवर झालेल्या कार्यक्रमांवरून चार प्रकार स्पष्ट दिसतात:

- बँड तोच, गिटारवादकही तोच. एप्रिल २००३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर 'रोलिंग स्टोन्स' आले, तेव्हा कीथ रिचर्ड्‌स सोबत होते. डिसेंबर २०१९ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'यू-टू'चा कार्यक्रम झाला, त्यात एज हे त्यांचे पहिल्यापासूनचे गिटारवादक होते.
- बँड तोच, गिटारवादक वेगळा. 'गन्स एन' रोझेस' डिसेंबर २०१२ मध्येही भारतात येऊन गेले होते. पण स्लॅशने १९९६ मध्ये बँड सोडला होता आणि तो परतला २०१६ मध्ये. म्हणजे २०१२ च्या तिकिटावर नाव तेच होतं, गाणीही बरीचशी तीच होती, फक्त त्या गाण्यांचे मूळ गिटारचे तुकडे दुसऱ्यांच्या हातून ऐकू आले.
- बँड नाही, पण गिटारवादक तोच. मार्च २००५ मध्ये मार्क नॉफ्लर मुंबईत आले ते स्वतःच्या संचासह. 'डायर स्ट्रेट्स' हा बँड तेव्हा अस्तित्वात नव्हता. तरी १९७८ च्या 'सुल्तान्स ऑफ स्विंग'वर फिरलेली बोटं मात्र तीच होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्लॅश मुंबईत आला तोही माइल्स केनेडी या गायकासह, स्वतःच्या वेगळ्या संचात.
- बँडचा एखादा सदस्य बँडची गाणी घेऊन येतो. फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स यांनी मुंबईत 'पिंक फ्लॉइड'चा 'डार्क साइड ऑफ द मून' हा पूर्ण संग्रह सादर केला. पण वॉटर्स हे बासवादक आणि गीतकार. त्या संग्रहातली मूळ गिटार डेव्हिड गिलमोर यांची, आणि ते त्या संचात नव्हते.

यातला कोणताही प्रकार कमी दर्जाचा नाही. तुम्हाला काय हवंय एवढंच ठरवायचं. गाण्यांसाठी जायचं असेल तर चारही प्रकार चालतील. त्या विशिष्ट हातांसाठी जायचं असेल तर पहिला आणि तिसराच.

खात्री अशी करा:

- कलाकाराच्या अधिकृत संकेतस्थळावर दौऱ्याच्या यादीत ती तारीख आणि ते शहर आहे का, ते बघा. तिथे नसेल तर थांबा.
- जाहिरातीत 'ट्रिब्यूट', 'लेगसी', 'म्युझिक ऑफ' असे शब्द आहेत का, ते नीट वाचा. असा कार्यक्रम बहुधा त्या गाण्यांचे चाहते असलेले किंवा नंतरच्या पिढीतले वादक करतात.
- याच दौऱ्यातल्या गेल्या महिन्याच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती पाहा. मंचावर कोण उभं आहे, ते त्यात दिसतंच.

२. कोणती गाणी ऐकायला मिळतील?

दिग्गज कलाकारांचे दौरे साधारण ठरलेल्या क्रमानं चालतात. एका शहरात वाजलेल्या वीस गाण्यांपैकी बहुतेक पुढच्या शहरातही वाजतात. ही क्रमवारी 'सेटलिस्ट डॉट एफएम' या संकेतस्थळावर श्रोतेच नोंदवतात. कलाकाराचं नाव टाका आणि शेवटचे पाच-सहा कार्यक्रम तपासा.

- तुमच्या आवडीच्या गाण्यांपैकी निम्मी तरी त्यात असतील तर जाणं सार्थकी लागेल.
- 'नवीन संग्रहाचा दौरा' असेल तर अनोळखी गाणी जास्त असतील. जाण्याआधी तो संग्रह दोनतीनदा ऐका. मग मैदानात तो वेळ परका वाटणार नाही.
- मूळ ध्वनिमुद्रणासारखंच ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. वयानुसार गायकाचा आवाज उतरतो म्हणून पट्टी खाली घेतली जाते, वेग थोडा बदलतो, एकलवादन लांबतं. ख्यालगायक तीच बंदिश दर मैफलीत वेगळी उलगडतो, तसंच इथलं एकलवादन असतं. पन्नास वर्षं वाजवलेला तुकडा तो माणूस आज कसा वाजवतो, हे ऐकायलाच आपण जातो.
- सर्वांत गाजलेलं गाणं बहुधा अगदी शेवटी येतं. गर्दी टाळण्यासाठी लवकर निघण्याचा बेत करू नका.

३. कोणतं शहर निवडाल?

दौरा भारतात येतोय म्हटलं की आपण थेट मुंबईच गृहीत धरतो. मराठवाड्यातल्या माणसानं इतर शहरंही पाहायला हवीत.

- हैदराबाद: लातूर आणि नांदेड या दोन्ही ठिकाणांहून ते मुंबईपेक्षा बरंच जवळ आहे. डिसेंबर २०२४ च्या भारतदौऱ्यात गायक ब्रायन अ‍ॅडम्स मुंबईसोबत हैदराबादलाही गेले. चार दशकं त्यांची गिटार सांभाळणारे कीथ स्कॉट ऐकायचे तर आपल्याला हैदराबाद सोयीचं होतं.
- पुणे: मुरुडहून बार्शीमार्गे पुण्याचा रस्ता ओळखीचा आहे, आणि बहुतेकांचा एखादा नातेवाईक तिथे असतोच. मुक्कामाचा खर्च वाचतो. 'एनएच-सेव्हन वीकेंडर' हा मोठा संगीत महोत्सव २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाला.
- मुंबई: सर्वांत मोठी नावं बहुधा इथेच येतात. महालक्ष्मी रेसकोर्स, वांद्रे-कुर्ला संकुल आणि नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम ही नेहमीची ठिकाणं. ब्लूज आणि गिटार हाच ज्यांचा जीव आहे, त्यांनी वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून भरणाऱ्या 'महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल'वर लक्ष ठेवावं. पहिल्याच वर्षी तिथे १९३६ साली जन्मलेले बडी गाय येऊन गेले. बंदिस्त जागा आणि तुलनेनं कमी गर्दी असल्यानं वादकाचे हात इथे जवळून दिसतात.

४. तिकीट कोणतं घ्यावं?

मोठ्या मैदानावर साधारण तीन प्रकारची तिकिटं असतात:

- सर्वसाधारण उभं राहण्याची जागा: सर्वांत स्वस्त. मंचापासून लांब, पण मोठ्या पडद्यांवर दिसतं. चार-पाच तास उभं राहण्याची तयारी हवी.
- मंचासमोरचा उभा विभाग: महाग. लवकर पोचलात तरच पुढची जागा मिळते. उशिरा गेलात तर जास्त पैसे देऊनही मागेच उभं राहावं लागतं.
- बसण्याची जागा: स्टेडियमच्या गॅलरीत किंवा मैदानावर उभारलेल्या मचाणावर. गुडघेदुखी, पाठदुखी किंवा मधुमेह असेल, ज्येष्ठ सोबत असतील, तर हीच घ्या.

किमतीचा अंदाज हवा असेल तर, जानेवारी २०२५ मध्ये नेरूळला झालेल्या 'कोल्डप्ले'च्या कार्यक्रमांची अधिकृत तिकिटं २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. ५०० रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आणि वर विक्री मंचाचं सुविधा शुल्क लागतं. त्यामुळे सुरुवातीला दिसणारी किंमत अंतिम समजू नका. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरची रक्कमच खरी.

त्या पानावर देणगी, विमा किंवा टी-शर्ट आपोआप जोडलेलं दिसलं तर काढून टाका. ग्राहकाच्या नकळत वस्तू टोपलीत टाकणं, शुल्क टप्प्याटप्प्यानं उघड करणं, 'दोनच तिकिटं उरली' अशी खोटी घाई लावणं या क्लृप्त्यांना केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. असं काही दिसलं तर पडद्याचं छायाचित्र काढून ठेवा.

५. विक्रीच्या दिवशी काय करायचं?

- विक्री मंचावर खातं आदल्या आठवड्यातच उघडा. नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा, कारण प्रवेशद्वारावर ओळखपत्र विचारलं जाऊ शकतं.
- पूर्वनोंदणी असेल तर करा. काही बँकांच्या कार्डधारकांना एक-दोन दिवस आधी विक्री खुली होते. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या कार्डाला ही सवलत आहे का, ते पाहा.
- वीज जाण्याची शक्यता धरून फोन पूर्ण चार्ज करून ठेवा. वायफायसोबत मोबाइल डेटाचाही पर्याय असू द्या.
- रांगेत लागल्यावर पान पुन्हा पुन्हा ताजं करू नका. क्रमांक जाऊ शकतो.
- यूपीआयची दैनिक मर्यादा आणि कार्डावरील ऑनलाइन व्यवहाराची परवानगी आधी तपासा. ऐनवेळी व्यवहार अडकला तर हाती आलेली तिकिटं सुटतात.
- किती तिकिटं आणि कोणता विभाग घ्यायचा, दुसरी पसंती कोणती, कमाल रक्कम किती, हे कागदावर लिहून समोर ठेवा.

पत्त्याबाबत विशेष काळजी घ्या. काही कार्यक्रमांची तिकिटं किंवा मनगटपट्टे कुरिअरनं घरी येतात. मुरुड नावाचं गाव रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळ आहे, रत्नागिरीच्या दापोली तालुक्यातही आहे. पत्त्यात 'तालुका व जिल्हा लातूर' आणि पिन कोड अचूक लिहा. शक्य असेल तर लातूर शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता द्या.

६. तिकिटं संपली तर?

सप्टेंबर २०२४ मध्ये 'कोल्डप्ले'ची तिकिटं विक्रीला आली आणि लगेच संपली. त्यानंतर तीच तिकिटं अनेक पट किमतीला पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं चौकशी सुरू केली. काळाबाजार रोखण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. जानेवारी २०२५ मध्ये, नियम करणं हे कायदेमंडळाचं काम आहे, असं सांगून न्यायालयानं ती निकाली काढली. म्हणजे आज तुमची पहिली सुरक्षा तुमच्याच हातात आहे.

- अधिकृत विक्री मंचावर प्रतीक्षा करा. पैसे अडकलेल्या व्यवहारांची तिकिटं काही वेळानं परत खुली होतात, आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात मंचाची अंतिम रचना झाल्यावर राखीव जागाही सोडल्या जातात.
- व्हॉट्सअ‍ॅप गट, इन्स्टाग्राम किंवा ओळखीच्या ओळखीतून येणारं तिकीट घेऊ नका. तिकिटाच्या चित्रावरचा क्यूआर कोड एकाच वेळी दहा जणांना विकता येतो. प्रवेश पहिल्यालाच मिळतो.
- अधिकृत मंचावरच हस्तांतराची सोय असेल तर तेवढीच वापरा. तिकीट तुमच्या खात्यात दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.
- फसवणूक झालीच तर लाजू नका, वेळही घालवू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार झाली तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. मग बँकेला लेखी कळवा.

७. प्रवास आणि मुक्काम

दिग्गजांचे कार्यक्रम काही महिने आधी जाहीर होतात. रेल्वेचं आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच खुलं होतं. गाडीत बसण्याच्या तारखेपासून साठ दिवस मागे मोजा आणि तो दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा.

- जाताना: रात्री लातूरहून सुटणारी मुंबई एक्स्प्रेस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला (सीएसएमटी) पोचवते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी उतरलात तर दुपारपर्यंत विश्रांती मिळते. तुमच्या जवळच्या स्थानकावर गाडीचा थांबा आहे का, ते वेळापत्रकात पाहून घ्या.
- येताना: इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. मुंबईहून लातूरची गाडी रात्री नऊच्या सुमारास सुटते, आणि खुल्या मैदानावरचा कार्यक्रम दहापर्यंत चालतो. त्याच रात्रीची परतीची गाडी मिळत नाही. एक रात्र मुंबईत मुक्काम आणि दुसऱ्या रात्रीची गाडी, असंच नियोजन करा. रजाही तशीच मागा.
- एसटी: महिलांना एसटीत निम्मं भाडं लागतं. ६५ ते ७५ वयोगटातल्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. पुणे किंवा मुंबईला गटानं जाताना हा फरक मोठा पडतो.
- स्वतःची गाडी: रात्री दहाला कार्यक्रम संपवून सुमारे साडेचारशे किलोमीटर गाडी चालवत परत येऊ नका. दिवसभर उभं राहून थकलेल्या माणसाला पहाटे झोप आवरत नाही.

मुंबईत उतरल्यावर:

- महालक्ष्मी रेसकोर्स: पश्चिम रेल्वेचं महालक्ष्मी स्थानक जवळ आहे. आता सीएसएमटीहून भुयारी मेट्रो ३ नं थेट महालक्ष्मी किंवा सायन्स सेंटर स्थानकापर्यंत जाता येतं.
- वांद्रे-कुर्ला संकुल: मेट्रो ३ चं बीकेसी स्थानक.
- डी. वाय. पाटील स्टेडियम: सीएसएमटीहून पनवेलकडे जाणारी हार्बर लोकल, उतरायचं नेरूळला.

मेट्रोची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास सुटते, म्हणून परतीसाठी तिच्या भरवशावर राहू नका. लोकल मध्यरात्रीपर्यंत असतात. मुक्काम कार्यक्रमाच्या ठिकाणाजवळच हवा असा हट्ट नको, तिथे त्या दिवशी दर चढतात. लोकलच्या मार्गावर चार-पाच स्थानकं पलीकडे घ्या. खोली रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशाच अटीवर आरक्षित करा, मग ती थोडी महाग का असेना.

८. मैदानात कुठे उभं राहावं?

- ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे खुल्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस बहुधा सणांसाठी असतात. त्यामुळे मोठे कार्यक्रम वेळेवर सुरू होतात आणि दहाला संपतात. 'रात्रीचा कार्यक्रम आहे, आठला जाऊ' असं करू नका. दार उघडण्याच्या वेळेलाच पोचा.
- सर्वांत चांगला आवाज ध्वनिनियंत्रकाच्या मचाणाच्या जरा पुढे मिळतो. मैदानाच्या मध्यावर यंत्रांनी भरलेलं ते मचाण लांबून दिसतं. तो माणूस स्वतः ऐकून आवाजाचा तोल साधत असतो, म्हणून तिथे गिटार, ढोल आणि गळा तिन्ही स्वच्छ ऐकू येतात.
- हात पाहायचे असतील तर वादक मंचाच्या कोणत्या बाजूला उभा राहतो, ते चित्रफितींत आधी पाहून घ्या. बहुतेक जण वर्षानुवर्षं आपली बाजू बदलत नाहीत. त्याच बाजूला थोडं पुढे जा.
- मोठी बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक, सेल्फी स्टिक आत नेऊ देतीलच असं नाही. मनाई असलेल्या वस्तूंची यादी तिकिटासोबत येते. अमानती सामानघर नसेल तर बॅग मुक्कामीच ठेवा.
- आत रोख चालत नसेल तर मनगटपट्ट्यात पैसे भरावे लागतात. उरलेली रक्कम परत मागण्याची मुदत असते, ती विचारून घ्या.
- एक-दोन गाण्यांचं चित्रीकरण करा आणि फोन खिशात ठेवा. ती चित्रफीत इतर हजारो जण काढत असतातच. तुम्ही साडेचारशे किलोमीटर आलात ते स्वतःच्या कानांनी ऐकायला.

९. कान आणि तब्येत

रॉकच्या मैफलीत आवाज सहज १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेच्या 'नायोश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबानं १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. कार्यक्रम दोन-अडीच तासांचा असतो.

- औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे कानबोळे घ्या. त्यानं संगीत बंद होत नाही, तीव्रता कमी होते.
- मुलांना कानांवर पूर्ण बसणारे संरक्षक द्या, आणि वयोमर्यादा तिकीट काढण्यापूर्वीच वाचा.
- ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला चिकटून उभं राहू नका. मधल्या वेळेत दहा मिनिटं लांब जा.
- दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली किंवा ऐकू कमी आलं तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.
- रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. कार्यक्रम एप्रिल-मेमध्ये असेल तर आधी पोटभर जेवा आणि पाणी पीत राहा. मुंबईचा दमट उकाडा आपल्या कोरड्या उन्हापेक्षा वेगळा थकवतो.
- दिव्यांग व्यक्ती सोबत असेल तर आयोजकांना आधीच ई-मेल करा आणि चाकाच्या खुर्चीची जागा, सोबत्याचा प्रवेश, स्वच्छतागृह याबद्दल लेखी उत्तर घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नं सुगम प्रवेश हा हक्क मानला आहे. तो मागताना संकोच नको.

१०. कार्यक्रम रद्द झाला किंवा फसला, तर तुमचे हक्क

ज्येष्ठ कलाकारांच्या बाबतीत ही शक्यता धरूनच चालावं. ऑगस्ट २०२४ मध्ये 'एरोस्मिथ'नं गायकाच्या स्वरयंत्राच्या दुखापतीमुळे दौरे कायमचे थांबवले. ऑक्टोबर २०११ मध्ये गुरगावला होणारा 'मेटालिका'चा कार्यक्रम प्रेक्षक जमल्यावर रद्द झाला होता.

दाद मागता येईल अशा गोष्टी:

- कार्यक्रम रद्द होऊनही पैसे परत न मिळणं.
- जाहीर केलेला मुख्य कलाकारच न येणं.
- वैध तिकीट असून प्रवेश नाकारणं.
- पैसे एका विभागाचे घेऊन दुसऱ्या विभागात पाठवणं.

ज्याबद्दल दाद मिळणं अवघड:

- आवडतं गाणं न वाजणं.
- मुख्य कलाकाराच्या आधी वाजवणारा छोटा कलाकार बदलणं.
- पाऊस येणं किंवा पुढच्या माणसामुळे न दिसणं.

तारीख पुढे ढकलली तर नवी तारीख स्वीकारायची की पैसे परत घ्यायचे, हे कळवण्यासाठी ठरावीक मुदत दिली जाते. ती चुकवू नका. परतावा तिकिटाच्या रकमेचा असतो. प्रवास आणि मुक्काम आयोजक आपणहून भरून देत नाहीत, म्हणूनच रद्द करता येणारी आरक्षणं घ्यायची.

तक्रारीच्या पायऱ्या:

1. विक्री मंचाचा तक्रार निवारण अधिकारी. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. तक्रार लेखीच करा.
2. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. इथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते. बरीच प्रकरणं याच टप्प्यावर मिटतात.
3. जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये करमणूक ही 'सेवा' आहे. महत्त्वाचं म्हणजे, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. कार्यक्रम मुंबईत, कंपनी मुंबईत, तरी तुमची तक्रार लातूरच्या आयोगात. नांदेडच्या वाचकांची नांदेडला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. 'ई-जागृती' संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येते.

'गाव लहान, कंपनी मोठी, आपलं कोण ऐकणार' म्हणून अनेक जण पैसे सोडून देतात. कायद्यानं लहान गावातल्या ग्राहकाचाच विचार करून हा अधिकार दिला आहे. तो वापरा.

जपून ठेवायची कागदपत्रं: तिकीट, पैसे भरल्याची पावती, मूळ जाहिरातीचं छायाचित्र, अटी-शर्तींचं पान, आयोजकांचे ई-मेल, रेल्वे-एसटीची तिकिटं, मुक्कामाचं बिल. सगळं एका फोल्डरमध्ये आणि एक प्रत ई-मेलवर.

११. जाणं शक्यच नसेल तर

- आपल्याच राज्यात दिग्गज आहेत. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे 'इंडस क्रीड' झालेल्या बँडचे गिटारवादक महेश तिनईकर ही या क्षेत्रातली आपली मोठी परंपरा. अशा कलाकारांचे कार्यक्रम कमी खर्चाचे असतात आणि त्यांना खूप जवळून ऐकता येतं.
- मैफलींचे चित्रपट मोठ्या शहरांतल्या चित्रपटगृहांत लागतात. लातूर, सोलापूर किंवा पुण्यात लागले तर मोठ्या पडद्यावर हात अधिक स्पष्ट दिसतात.
- चार-पाच घरांनी मिळून एकाला पाठवण्यापेक्षा वर्षभर दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवा आणि पुढच्या दौऱ्याला सगळे जा. गटानं गेलात तर टॅक्सी, खोली, जेवण यांचा खर्च निम्म्यावर येतो, आणि घरच्यांचा जीवही टांगणीला लागत नाही.

आता काय कराल?

गिटारवादक एडी व्हॅन हेलन २०२० मध्ये गेले, जेफ बेक २०२३ मध्ये. स्लॅशनं जुलै २०२५ मध्ये साठी ओलांडली. या पिढीला प्रत्यक्ष ऐकण्याची वर्षं मोजकीच आहेत, म्हणून योग येईल तेव्हा तयारी असावी.

या आठवड्यात तीन कामं करा. आपल्या आवडत्या तीन कलाकारांच्या अधिकृत संकेतस्थळांवर सूचना मिळण्यासाठी नोंदणी करा. तिकीट विक्रीच्या मंचावर आधारप्रमाणे नाव टाकून खातं उघडा. आणि १९१५ व १९३० हे दोन क्रमांक फोनमध्ये साठवा. दौरा जाहीर होईल त्या दिवशी तुम्हाला फक्त एकच प्रश्न सोडवायचा राहील: वाजवणार कोण? त्याचं उत्तर मनासारखं आलं की बेधडक तिकीट काढा.